लाईन गेली की संगणकाची तारीख मागे जाते आणि संकेतस्थळे उघडत नाहीत : कारण, तपासणी आणि कायमचा उपाय

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत घरी डेस्कटॉप संगणक असलेल्यांकडून एक तक्रार वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते : मोबाइलवर नेट चालते, पण संगणकावर चालत नाही. थोडे खोदून विचारले की तपशील कळतो. सातबारा पाहण्यासाठी महाभूलेख उघडावे, महाडीबीटीवर अर्ज कुठपर्यंत आला ते पाहावे किंवा मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसावे, तर क्रोम लाल खूण दाखवून ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असे म्हणतो किंवा सरळ ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असा पडदा समोर आणतो. गावातला एखादा जाणता मुलगा येतो, तारीख दुरुस्त करून देतो आणि सगळे सुरळीत चालू होते. मग एखाद्या रात्री लाईन जाते आणि सकाळी संगणक लावल्यावर पुन्हा तोच लाल पडदा दिसतो.

या तक्रारीपायी लोकांचा किती पैसा आणि वेळ वाया जातो हे मी जवळून पाहिले आहे. कोणी दुसऱ्या कंपनीचे सिम घेतो, कोणी राउटर बदलतो, तर कोणी कॅबिनेट मोटरसायकलवर बांधून तालुक्याला नेतो आणि तिथे विंडोज नव्याने टाकून आणतो. विंडोज नव्याने टाकताना तारीख बरोबर लावली जाते, म्हणून काही दिवस सगळे ठीक वाटते आणि मूळ दोष तसाच राहतो. बहुतेक वेळा तो दोष मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, एका चपट्या सेलमध्ये असतो. हा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो. मात्र दोष खरोखर तिथेच आहे याची आधी खात्री करून घेतली पाहिजे, कारण तारीख-वेळ चुकण्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

चूक किती आहे ते आधी लिहून ठेवा

लाल पडदा दिसला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली दिसणारी वेळ आणि तारीख, वर्षासकट, मोबाइलशी ताडून पाहा. नुसती वेळ पाहून समाधान मानू नये. वेळ योगायोगाने जवळपास बरोबर असते आणि वर्ष मात्र २०१२ किंवा २०१५ असते, असे पुष्कळदा घडते. फरक आढळला तर तो लगेच दुरुस्त न करता आधी कागदावर लिहून घ्यावा, कारण नेमका किती फरक पडला आहे यावरूनच रोगाचे निदान होते.

तारीख कित्येक वर्षे मागे जाऊन दर वेळी ठरावीक एका दिवसावर, बहुधा एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीला, येऊन थांबत असेल तर सेल पूर्ण संपला आहे असे समजावे. मदरबोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, जी आरंभीची तारीख घालून ठेवलेली असते, तिच्यावर घड्याळ परत जाते. सोबत संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’, ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ किंवा ‘प्रेस एफ१ टू कंटिन्यू’ अशी ओळ येत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

तारीख बरोबर, पण घड्याळ काही तास मागे, आणि हा फरक रात्री लाईन जितके तास नव्हती साधारण तितकाच असेल, तर सेल मरणपंथाला लागलेला आहे. ही सुरुवातीची अवस्था लोकांच्या लक्षात येत नाही, कारण काही तासांच्या फरकाने बहुतेक संकेतस्थळे अडत नाहीत. या टप्प्यावर सेल बदलला तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेलला हात लावू नका. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेल्या असतात तिथे हे हमखास दिसते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असे धरून चालते, आणि भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे गेले की तेवढाच फरक पडतो. लिनक्सच्या सेटिंगमध्ये मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हे भांडण मिटते.

फरक साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असेल तर टाइम झोन चुकलेला आहे. विंडोज टाकताना टाइम झोन न बदलता तसाच ठेवला की तो पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहतो. तिथली वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. कोणी तरी टाइम झोन तसाच ठेवून नुसते काटे पुढे केले तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण आतला हिशेब चुकलेलाच राहतो आणि इंटरनेटवरून वेळ घेतली गेली की घड्याळ पुन्हा मागे जाते. टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ असा निवडला की काम झाले.

उन्हाळ्यात घड्याळ मागे पडते, असेही कानावर येते. मदरबोर्डवरचा घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तापमान २५ अंशांपासून दूर गेले की त्याची गती किंचित मंदावते, हे खरे आहे. पण ४५ अंशांच्या उष्णतेतही त्यामुळे पडणारा फरक दिवसाला एखाद-दुसऱ्या सेकंदाचा असतो, तेव्हा तासांचा किंवा वर्षांचा फरक उन्हाच्या माथी मारता येत नाही.

तारखेचा इंटरनेटशी काय संबंध

सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. बियाण्याच्या पिशवीवर जशी मुदत छापलेली असते तशीच या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत वैध हे नमूद असते आणि ब्राउझर ते संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. संगणक २०१५ साल दाखवत असेल तर आजचे प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो एकही संकेतस्थळ उघडू देत नाही. रेंज, राउटर आणि सिम यांचा या नकाराशी काडीचाही संबंध नसतो.

पूर्वी तारीख चुकलेली असली तरी नेट चालायचे, असे काही जण म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. एक तर तेव्हा पुष्कळ संकेतस्थळे अशा प्रमाणपत्राशिवाय चालत. दुसरे म्हणजे ही प्रमाणपत्रे पूर्वी दोन-तीन वर्षांची असत, त्यामुळे घड्याळ काही महिने मागे असले तरी निभावून जाई. सप्टेंबर २०२० पासून ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस झाली आणि १५ मार्च २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी ती २०० दिवसांवर आणण्याचे ठरले. फुकट मिळणाऱ्या अनेक प्रमाणपत्रांची मुदत तर ९० दिवसांचीच असते. मुदत जितकी कमी, तितकी चुकीच्या घड्याळाला सवलत कमी. तेव्हा हा त्रास पुढे वाढतच जाणार आहे.

इथे एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. लाल पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून खाली येणाऱ्या ‘प्रोसीड’ या दुव्यावरून पुढे जाण्याची युक्ती गावोगावी एकमेकांना शिकवली जाते. ती वापरू नका आणि मुलांना शिकवू नका. घड्याळ चुकल्यामुळे येणारा इशारा आणि खोट्या संकेतस्थळामुळे येणारा इशारा दिसायला जवळजवळ सारखेच असतात. एकदा डोळे झाकून पुढे जाण्याची सवय लागली की बँकेच्या नावाने उभारलेल्या खोट्या पानावरही हात तसाच पुढे जातो. बँका आणि इतर पुष्कळ संकेतस्थळे हा दुवा दाखवूच देत नाहीत, आणि तसे करण्यात त्यांची चूक नाही.

सेल इकडे लवकर का संपतो

संगणक बंद असतानाही तारीख-वेळ चालू ठेवणारे घड्याळ मदरबोर्डवर स्वतंत्र असते. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या पीसी-एटी या संगणकात मोटोरोलाची एक घड्याळाची चिप होती. तिच्यात ६४ बाइट होते, त्यांपैकी १४ घड्याळासाठी आणि ५० सेटिंग जपण्यासाठी, आणि वीज नसताना ती सेलवर चालत असे. आजच्या संगणकातही तत्त्व तेच आहे, चिप मात्र मोठ्या चिपच्या पोटात गेली आहे.

या सेलवर ‘सीआर २०३२’ असे कोरलेले असते. त्याचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट असतो. त्याची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास धरली आणि घड्याळ पाच मायक्रोअँपिअर वीज ओढते असे मानले तर तो ४५,००० तास, म्हणजे पाच वर्षांच्या आसपास पुरायला हवा. शहरात तो याहून जास्त टिकलेला दिसतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि घड्याळ त्या विजेवर चालते. सेलचा वापर होतो तो फक्त भिंतीकडून येणारी वीज तुटल्यावर.

आपल्याकडे ती तुटते दोन कारणांनी. एक म्हणजे लाईन जाते, आणि पावसाळ्यात वादळाने तार तुटली की रात्रभर येत नाही. दुसरे म्हणजे आपण स्वतः बटण बंद करतो. मृगाच्या पहिल्या पावसात विजा कडाडू लागल्या की घरातली आजी आधी टीव्हीची आणि संगणकाची पिन काढायला लावते. आजीचे बरोबरच आहे. विजेच्या लोटाने एसएमपीएस किंवा राउटर जळण्यापेक्षा सेल लवकर संपणे कधीही परवडते, तेव्हा ही सवय सोडू नये. पण आठवड्यातून तीन-चार तास चालणाऱ्या आणि उरलेला वेळ पिन काढून ठेवलेल्या संगणकात घड्याळाचा जवळपास सगळा भार सेलवर पडतो, हे ध्यानात ठेवावे. त्यात टिनाच्या छताखालची खोली मे महिन्यात भट्टीसारखी तापते आणि उष्णतेने सेल न वापरताही झिजतो. शिवाय घरातले बरेच संगणक नागपूर-अमरावतीहून वापरलेले म्हणून आणलेले असतात आणि त्यांतला सेल मूळचाच, आठ-दहा वर्षांचा असतो. जुना संगणक विकत घेतला तर पहिल्याच दिवशी नवा सेल टाकून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

यूपीएस लावला म्हणजे हा प्रश्न सुटेल असे काही जणांना वाटते. घरगुती यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. रात्रभराच्या भारनियमनात तोही रिकामा होतो आणि पिन काढलेली असेल तर त्याचा सेलला काहीच उपयोग होत नाही.

विंडोज स्वतःहून तारीख का सुधारत नाही

मोबाइल जशी नेटवर्कवरून वेळ घेतो तशी विंडोजही इंटरनेटवरून घेते, मग अडते कुठे हा प्रश्न रास्त आहे. घरगुती विंडोजमध्ये वेळेच्या सेवेला एक मर्यादा घातलेली असते : फरक १५ तासांहून अधिक असेल तर ती सेवा आपणहून दुरुस्ती करत नाही. इतका मोठा फरक म्हणजे काही तरी गडबड आहे असे ती धरून चालते. म्हणून काही तासांचा फरक आपोआप भरून निघतो आणि काही वर्षांचा तसाच राहतो. त्यात आपल्याकडे इंटरनेट बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचे असते आणि संगणक सुरू झाल्यानंतर बऱ्याच वेळाने जोडले जाते, त्यामुळे सुरुवातीची संधीही हुकते.

तेव्हा दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा : आधी टाइम झोन तपासावा, मग तारीख, महिना आणि वर्ष हाताने बरोबर करावे, वेळ अंदाजे लावावी आणि शेवटी इंटरनेट जोडून ‘सिंक नाऊ’ दाबावे. विंडोज १० आणि ११ मध्ये हे सारे सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’ या भागात आहे. विंडोज ७ मध्ये घड्याळावर क्लिक करून ‘इंटरनेट टाइम’ या पानावर ‘अपडेट नाऊ’ आहे. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून वेळ मिळत नसेल तर त्या जागी ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’ हा पत्ता इंग्रजीत टाइप करावा. भारतीय प्रमाणवेळ ज्या संस्थेकडे आहे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा तो सर्व्हर आहे. यानंतर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. अर्जाची शेवटची तारीख आजच असेल तर एवढ्यावर काम भागते.

सेल खरेच संपला आहे का, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे, पण ती बरेच जण चुकीची करतात. ते संगणक नुसता रिस्टार्ट करतात आणि तारीख टिकली म्हणून सेल चांगला आहे असे ठरवतात. रिस्टार्टमध्ये भिंतीकडून येणारी वीज तुटतच नाही, त्यामुळे सेलची परीक्षाच होत नाही. संगणक बंद करावा, भिंतीतली पिन काढावी, दोन-तीन तास, शक्य असल्यास रात्रभर, तसाच ठेवावा, आणि सुरू केल्यावर इंटरनेट न जोडता, थेट बायोसमध्ये जाऊन तिथली वेळ पाहावी. इंटरनेट जोडलेले असेल तर विंडोज छोटा फरक गुपचूप भरून काढते आणि आपली फसगत होते.

सेल बदलताना

दारव्हा तालुक्यातल्या एका कृषी केंद्रातला संगणक मला आठवतो. मालक बिलाचा कागद पुढे धरून म्हणाले, ‘‘भाऊ, बघा, उद्या पोळा आहे अन् बिलावर जानेवारी छापून येते.’’ बिलाचे सॉफ्टवेअर चालू आर्थिक वर्षाच्या बाहेरची नोंद म्हणून कधी अडून बसे, तर कधी तीच चुकीची तारीख निमूट स्वीकारी. दुसरा प्रकार जास्त घातक होता. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढले तेव्हा आतला पंखा दिसतच नव्हता. शेजारच्याच खोलीत वेचणीनंतरचा कापूस भाव येईपर्यंत साठवलेला असे, आणि त्याचा बारीक तंतू धुळीत मिसळून पंख्यावर, हीट सिंकवर आणि मदरबोर्डवर पांढुरक्या गालिच्यासारखा बसला होता. सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला होता. मऊ ब्रशने तो थर झाडला, कार्ड काढले, तेव्हा कुठे सेल हाती लागला. मल्टिमीटरवर त्याचा दाब २.१ व्होल्ट भरला.

असे काम घरी करायचे असेल तर आधी बायोसमधल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल. मग संगणक बंद करून भिंतीतली पिन काढावी आणि कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. काम करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा हवा कोरडी असते आणि स्वेटरमधून ठिणगी उडते. सेलच्या कडेला एक छोटी धातूची पट्टी असते. ती बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलली की सेल आपोआप वर उसळतो. स्क्रूड्रायव्हर खाली घालून तो उचकटू नये, कारण खालची निगेटिव्हची पट्टी वाकली की नवा सेलही नीट टेकत नाही. नवा सेल कोरलेली बाजू, म्हणजे प्लस, वर ठेवून एका कडेने सरकवावा आणि बोटाने दाबावा.

मल्टिमीटर गावातल्या कोणत्याही वायरमनकडे असतो. डीसी २० व्होल्टच्या ठिकाणी काटा ठेवून मोजावे. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर भरतो. २.८ च्या खाली आला तर बदलावा. सेल विकत घेताना सुटा न घेता बंद पाकिटातला घ्यावा आणि पाकिटावरची मुदत पाहावी. घड्याळाच्या दुकानात ‘सीआर २०२५’ दिला जाण्याची शक्यता असते. त्याची रुंदी तेवढीच, पण जाडी अडीच मिलिमीटर असते, त्यामुळे तो खाचेत सैल बसतो आणि कॅबिनेटला धक्का लागला की तारीख जाते.

जुना सेल काढल्याबरोबर त्यावर चिकटपट्टी गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. लहान मुलाने हा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते, आणि २० मिलिमीटरचे लिथियम सेल या बाबतीत सर्वांत धोकादायक आहेत. तशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

सेल बदलल्यावर विंडोजच सुरू होत नाही

सेल काढला की बहुतेक संगणकांत बायोसमधली सेटिंग पुसली जातात, आणि इथे अनेकांची भंबेरी उडते. आधी चालणारा संगणक ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणू लागतो किंवा निळा पडदा दाखवून पुन्हापुन्हा सुरू होतो. हार्ड डिस्क गेली असे समजून ती बदलायला धावू नये. निळ्या पडद्यावरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘७बी’ असेल किंवा ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असेल तर बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत, पाहावा. विंडोज टाकताना तो आयडीई असेल आणि आता एएचसीआय झाला असेल, किंवा उलट, तर जुना मोड पुन्हा लावला की विंडोज जशीच्या तशी सुरू होते. तेही नसेल तर बूटचा, म्हणजे संगणक सुरू होण्याचा, प्रकार यूईएफआय (नवा) की लेगसी (जुना) ते आणि हार्ड डिस्कचा क्रम तपासावा. काढून ठेवलेले फोटो नेमके इथे कामाला येतात. सगळे जुळवल्यावर तारीख-वेळ बायोसमध्येच लावून एफ१० ने जतन करावी.

नव्या संगणकांवर आणि लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या विंडोजमधल्याच सोयीने कुलूपबंद असू शकते, आणि बायोसची सेटिंग बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन असते. काम सुरू करण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी.

नवा सेलही महिन्या-दोन महिन्यांत संपत असेल तर दोष मदरबोर्डवर आहे. सेलजवळच ‘क्लिअर सीमॉस’ची, म्हणजे बायोसची सेटिंग पुसण्याची, तीन पिनांची जागा असते आणि तिच्यावरची टोपी चुकीच्या दोन पिनांवर बसलेली असेल तर सेटिंग टिकतच नाहीत, ती आधी पाहावी. मग दमटपणा, मुंग्यांचे वारूळ, पालीची विष्ठा असे काही मदरबोर्डवर आहे का ते बघावे, कारण अशा घाणीतून वीज झिरपत राहते. कोरड्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून कोरडी झाल्यावरच वीज लावावी. त्यानंतरही सेल टिकत नसेल तर मदरबोर्ड दुरुस्तीला द्यावा लागेल.

लॅपटॉपचा प्रकार थोडा वेगळा आहे. काहींत हाच सेल दोन तारांसह काळ्या आवरणात असतो, काहींत चार्ज होणारा छोटा सेल असतो आणि काहींत वेगळा सेलच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी साधा ‘सीआर’ सेल कधीही जोडू नये. त्याला चार्जिंगची वीज मिळाली की तो फुगतो, गळतो किंवा फुटतो. त्यामुळे लॅपटॉप उघडण्याआधी त्या मॉडेलला कोणता सेल लागतो याची खात्री करून घ्यावी.

तारीख, वर्ष आणि टाइम झोन सगळे बरोबर असूनही लाल पडदा येत असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमच जुनी झाली आहे का ते पाहावे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबला, क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रे तपासली जातात असे एक जुने मूळ प्रमाणपत्र संपल्यापासून अद्ययावत न केलेल्या अनेक संगणकांवर पुष्कळ संकेतस्थळे उघडेनाशी झाली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा वेळी घड्याळाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

घड्याळ ताळ्यावर आल्यावर चुकीच्या काळात केलेली कामे एकदा तपासून घ्यावीत. त्या दिवसांत साठवलेल्या फाइलींवर जुनी तारीख पडलेली असते, त्यामुळे तारखेनुसार लावलेल्या यादीत त्या अगदी तळाशी जातात आणि हरवल्यासारख्या वाटतात. फोल्डरमध्ये त्या चुकीच्या वर्षाने शोधल्या की सापडतात. बिलाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी छापील बिलांशी ताडून एकेक दुरुस्त कराव्या लागतात आणि त्या वर्षअखेरीच्या हिशेबाआधी केलेल्या बऱ्या. विंडोजचे अपडेट ‘०एक्स८००७२एफ८एफ’ या क्रमांकाने अडलेले असेल तर तेही बहुधा तारखेमुळेच अडलेले असते आणि आता पुन्हा सुरू केल्यावर पुढे सरकते. सेल बदलल्याची तारीख मार्कर पेनाने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला झाकण उघडणाऱ्याला, मग तो कोणीही असो, अंदाज बांधत बसावे लागणार नाही.